चाळीस कवळ्यांची ऑर्डर

भुताच्या सिनेमात रक्त फार सांडायला लागलं की मी समजते, दिग्दर्शकाकडे आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. हे माझं मत आहे आणि ते मी कुणी न विचारता देते. कलात्मक सिनेमाबद्दल माझं म्हणणं असं, की एखादा माणूस पडद्यावर अकरा मिनिटं खिडकी पुसत असेल तर खुशाल पुसू द्यावी, पण शेवटी काच तरी स्वच्छ झालेली दिसली पाहिजे. आणि कल्ट सिनेमा म्हणजे जो आला तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही आणि आता ज्याच्यावाचून काही लोकांचं पान हलत नाही, तो. त्यातले निम्मे खरोखर चांगले असतात. उरलेल्या निम्म्यांना लोक हसायला जातात आणि त्या हसण्याला प्रेम म्हणतात. या दुसऱ्या जातीच्या लोकांचा मला भयंकर राग आहे, आणि त्याला कारण आहे.

मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात. मी त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतते, मेणात दात बसवते, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरते, शिजवते, घासते, चमकवते. पस्तीस वर्षं हेच चाललंय. लॅब दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत माझी भागीदारीण दातांवर बसवायच्या कॅप बनवते, आतल्या खोलीत मी आणि माझं घासायचं चाक. माणूस गर्दीत दिसला तर मला ओळखता येईलच असं नाही, पण तोंड उघडलं की मी सांगते, ही कवळी माझी.

सिनेमाचं वेड आईकडून आलं. वडील लवकर गेले. दर शनिवारी दुपारच्या खेळाला आई मला आणि दादाला घेऊन जायची आणि सिनेमा भुताचा असला तर हट्टाने पहिल्या रांगेत बसायची. घाबरायची अगदी मनापासून, दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन. घरी आल्यावर चपला काढता काढता निकाल द्यायची. "भूत बरं होतं, घरातली माणसंच ठोकळे होती." किंवा, "शेवट सुचला नाही गं मेल्यांना, दिवे लावून मोकळे झाले." तिच्या निकालावर अपील नसे. आज मी जे काही बोलते त्यातलं अर्धं तिचंच आहे. फक्त तिच्या बोलण्यात माझ्यासारखा खवटपणा नसायचा.

तर एका मंगळवारी सकाळी लॅबमध्ये एक माणूस आला. तिशीचा असेल. कपाळावरचं झुलूप सारखं डोळ्यात जात होतं आणि तो ते सारखं फुंकरीने उडवत होता, म्हणून मी त्याला मनातल्या मनात झुलपेवाला म्हणून टाकलं. म्हणाला, "चाळीस कवळ्या हव्यात. फक्त वरच्या. खोट्या हो, गमतीच्या. घटकाभर घालायच्या आणि काढायच्या. या अशा."

आणि त्याने टेबलावर, दोन प्लास्टरच्या जबड्यांच्या मध्ये, एक फोटो ठेवला. फोटोत माझी आई होती.

जिन्यावर उभी. केस मोकळे, अंगात पांढरा झगा, हातात किल्ल्यांचा जुडगा. तोंड अर्धवट उघडं आणि वरच्या ओठाखालून आलेले दोन लांब सुळे. कवळी डावीकडून तीनेक मिलिमीटर खाली सरकलेली. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मला लांबून दिसलं.

"'किल्लीवाली' नावाचा सिनेमा आहे," झुलपेवाला सांगत होता. "एकतीस वर्षांपूर्वीचा. आठवडाभर चालला आणि उतरला. आमच्या क्लबला त्याची प्रिंट मिळाली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही तोच दाखवतो. लोक पुन्हा पुन्हा येतात! ही म्हातारी घरमालकीण, मेलेली असते, जिन्यावर येते आणि तिचे दात सुटतात. टक्! की अख्खं थिएटर जिभेने टक् करतं. काय धमाल येते म्हणून सांगू! आता शंभरावा खेळ आहे. म्हटलं, या वेळी खरे दात वाजले पाहिजेत. त्यामुळे सैल बनवा. जितके सैल तितके उत्तम."

"ही बाई कोण, माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही ना. नामावलीत नावच नाही. कुणी म्हणतं दिग्दर्शकाची शेजारीण होती. या वेळी त्यांनाच विचारू, प्रमुख पाहुणे म्हणून येतायत ते."

म्हणजे दादा. मी ऑर्डर लिहून घेतली. वरच्या कवळ्या, नग चाळीस. तो गेल्यावर भागीदारीण आत आली. फोटो तिनेही बघितला होता. आई लॅबमध्ये कितीदा तरी यायची, तिला ती चांगली ओळखायची.

"घेतलीस? अगं, डोकं ठिकाणावर आहे का? हाकलून द्यायचं होतंस!"

"आलेली ऑर्डर मी परत पाठवत नाही," मी म्हटलं आणि चाक सुरू केलं, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

आता ते दात कसे झाले, ते सांगते. दादाने सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा त्याने मला कथा वाचायला दिली. मी वाचली आणि चौदा पानं सूचना लिहून दिल्या. ओळीओळीला नंबर घालून. त्याने "बघतो" म्हणून पानं खिशात घातली आणि पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही. वर मला न विचारता आईला भूत केलं. साठीची बाई, गुडघे दुखणारी, तिला जिन्यावरून चढउतार करायला लावणार! मी भडकले. पण आई भलतीच खूश होती. तिने स्वतःच झगा शिवला. मग मी दोन अटी घातल्या. एक, दात मीच बनवणार. दुसरी, आईचं नाव नामावलीत येता कामा नये, लोकांनी तिला हसायला नको.

माप मी घेतलं. आईच्या वरच्या जबड्यात तेव्हा मागच्या दोन दाढा उरल्या होत्या, त्यांच्या आधाराने कवळी झकास बसली. पण जिन्याचा मालक ऐन वेळी उलटला आणि शूटिंग दोन महिने लांबलं. तेवढ्यात आईच्या त्या दाढा दुखायला लागल्या आणि काढाव्या लागल्या. दात काढला की हिरडी आक्रसते. हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. जुन्या मापाची कवळी नव्या हिरडीवर टिकत नाही. दादाने विचारलंही होतं, "एकदा घालून बघूया का?" माझं त्याच्याशी बोलणं बंद होतं. मी भिंतीकडे बघून म्हटलं, "बसेल."

नाही बसली. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. आई जिन्यावर आली, तोंड उघडलं आणि कवळी सुटली. टक्. दिवे धरणारा फिस्सकन हसला. आईने जिभेने कवळी वर ढकलली आणि थेट माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागच्या दाराने निघून आले ती घरी येऊन चादर डोक्यावर घेऊन पडले.

त्यानंतर मी तो सिनेमा बघितला नाही. जगातले कुठले कुठले भुताचे सिनेमे बघितले, तीनतीनदा बघितले, तो एक सोडून. विचारलं कुणी तर म्हणायचे, "टुकार आहे." घरात कुणी विषय काढला तर मी ताटावरून उठायचे. महिन्याभरात दोघांनी विषय काढणं सोडलं. सिनेमा आपटल्यावर दादा छपाईच्या कारखान्यात लागला, तिथे त्याने छापलेली पानं तपासण्यात आयुष्य काढलं, आणि दुसरा सिनेमा काही त्याच्या हातून झाला नाही. त्याचं मला वाईट वाटायचं. पण तसं मी त्याला कधी म्हटलं नाही, आता म्हणायला हवं होतं असं वाटतं.

आईला मी नंतर चांगली पूर्ण कवळी करून दिली. ती मात्र मला कधी नीट जमली नाही. जेवायला बसलं, की मधेच टक् वाजायची. आई मान वर करून माझ्याकडे बघायची. मी मान खाली घालायचे. दुसऱ्या दिवशी मी तिला लॅबमध्ये नेऊन नवं माप घ्यायचे, आतलं अस्तर बदलून द्यायचे. मापात काही चूक सापडायची नाही. हिरडी ठीक, टाळू ठीक, कवळी अशी चिकटायची की ओढून काढावी लागायची. आणि दोन वर्षांनी पुन्हा जेवताना टक्. बावीस वर्षांत अकरा वेळा मी त्या कवळीचं अस्तर बदललं. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही माझ्या डोक्यात पहिला विचार तोच आला, की हिला नीट बसणारी कवळी आपण शेवटपर्यंत देऊ शकलो नाही.

गुरुवारी दादा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात निमंत्रणाचं कार्ड, आणि चेहरा असा की वीस वर्षांनी लहान दिसत होता. कार्ड त्याने माझ्या पुढ्यात धरलं.

"वाच ना. मागच्या बाजूला सगळं लिहिलंय, कसा कार्यक्रम असतो ते."

"हात मेणाचे आहेत माझे."

"शंभरावा खेळ! आपल्या सिनेमाचा! तू कधी बघितलाच नाहीस. या वेळी ये. दोन खुर्च्या ठेवल्यात आपल्यासाठी." मग म्हणाला, "मी भाषण लिहिलंय. दोनच पानं. आईबद्दल आहे."

'हसतात रे ते' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तुला आणि आईला हसायला जमतात, दादा, महिन्याच्या महिन्याला, आणि त्यासाठी लागणारे दात माझ्याकडूनच करून घेतायत. पण त्याच्या खिशातून डोकावणारी ती दोन पानं बघितली आणि माझी जीभ रेटेना. या माणसाने जन्मात एक गोष्ट केली होती. चाळीस लोक ती त्याच्या डोळ्यांदेखत थट्टेवारी नेणार, आणि ती थट्टा बरोबर आईच्या तोंडावर येऊन पडणार. आणि तो भाषण वाचायला उभा राहणार.

"येते," मी म्हटलं. तो गेला तसा मी चाळीस कवळ्यांचा विचार करायला बसले.

ऑर्डर नाकारून काही उपयोग नव्हता. दात नसले तर ते जिभेने टक् करणारच, नव्व्याण्णव वेळा करत आले होते. म्हणजे दात द्यायला हवेत, आणि असे द्यायला हवेत की तोंडात गेल्यावर जिभेची बोलतीच बंद झाली पाहिजे. एकदा हे सुचल्यावर काम सोपं होतं. खेळाडू तोंडात घालतात ते रबरी बूच असतं ना, तसलं अस्तर मिळतं. एक मिनिट गरम पाण्यात बुडवायचं, तोंडात घालून चावायचं, की ज्याच्या त्याच्या जबड्यावर ते घट्ट बसतं. ते मी प्रत्येक कवळीच्या आत भरलं आणि टाळूच्या जागी चांगलं जाड ठेवलं, म्हणजे जिभेला वर टेकायला जागाच राहू नये. सुळे मात्र फोटोतल्यासारखे केले, उजवा डाव्यापेक्षा किंचित लांब. दहा दिवस मी हेच केलं. भागीदारीण येता-जाता बघायची. शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाली, "चोराच्या हातात कुलूप देतेयस." मला बरं वाटलं.

रविवारी तीन वाजता खेळ होता. थिएटर म्हणजे एका जुन्या इमारतीतला लहानसा हॉल, बेचाळीस खुर्च्या. बाहेरच्या जागेत टेबलावर गरम पाण्याचे पेले मांडले होते आणि लोक रांगेने कवळ्या बुडवून चावत होते. कुणी शिक्षिका, कुणी बसचा ड्रायव्हर, एक नवरा-बायको. बरीच माणसं वयाने चांगली जाणती होती, मला वाटलं होतं तशी उडाणटप्पू कुणी दिसेनात. झुलपेवाल्याने मला बघून हात केला. तोंडात दात होते, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. मी त्याला तोंड उघडायला लावून बोटाने कवळी हलवून बघितली. हलली नाही. अशी मी पंधरा-वीस जणांची तरी तपासली, एकही सुटत नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मला फार समाधान झालं.

दादा माझ्या शेजारी बसला. पहिल्या रांगेत, आईच्या सवयीप्रमाणे. अंधार झाला.

सिनेमा वाईट नाही. हे मी माझ्या तोंडाने कबूल करते. नायिका ठोकळा आहे, मधली वीस मिनिटं लांबलीत, वाऱ्याचा आवाज प्रत्येक वेळी तोच लावलाय. हे सगळं मी चौदा पानांत लिहिलं होतं. पण नवव्या पानावर मी एक लिहिलं होतं, की भूत येताना जिन्यावरचा दिवा घालवू नका, चालूच ठेवा, उजेडातलं भूत जास्त भिववतं. तो दिवा चालू होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी वळून दादाकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता.

एरवी हे लोक म्हणे संवादही पडद्याबरोबर ओरडतात. आज सगळ्यांची तोंडं बंद. अधूनमधून मागून नुसतं ऊं-ऊं यायचं आणि थांबायचं.

मग आई आली. वरच्या पायरीवर, त्या दिव्याखाली. एकतीस वर्षांनी मी तिला चालताना बघत होते. हातातल्या किल्ल्या स्थिर, पाय जपून टाकलेला, त्या गुडघ्यामुळे. ती थांबली. तोंड उघडलं.

टक्.

हॉल तयारीत होता. खुर्च्या करकरल्या, चाळीस जणांनी एकदम जोर लावला. काही वाजलं नाही. इतकी शांतता झाली की मशीनची घरघर ऐकू यायला लागली. आईने जिभेने कवळी वर ढकलली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे मी जिथे उभी होते तिथे. इथे मी निघून गेले होते. पुढचं मला ठाऊक नव्हतं.

चित्र तुटलं आणि पुन्हा जोडलं गेलं. आई एक पायरी उतरली. टक्. अजून एक पायरी. टक्.

आता माझं सगळं लक्ष कानात होतं. सुटलेली कवळी आणि सोडलेली कवळी यांचा आवाज वेगळा असतो. सुटलेली वेडीवाकडी पडते, एक बाजू आधी, दुसरी मागून. सोडलेली सरळ पडते. पस्तीस वर्षांत एवढं कळतं. पहिलं टक् माझ्या चुकीचं होतं. दुसरं नव्हतं. तिसरं तर मुळीच नव्हतं. आई ते मुद्दाम करत होती. पायरीगणिक, तालात, किल्ल्यांना धक्का न लावता, जिभेने कवळी सोडत आणि झेलत ती सबंध जिना उतरली. माझ्या मागच्या बाईने शेजाऱ्याचा दंड धरला, तिच्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. मी पाय खुर्चीवर घेतले आहेत हे मला दिवे लागल्यावर कळलं.

दिवे लागले तसे सगळे जण दात काढायला लागले. घट्ट बसल्यामुळे त्याला वेळ लागला. दादाला पुढे बोलावलं. त्याने खिशातली पानं काढली, उघडली, आणि परत घडी घातली.

"आज तुम्ही वाजवलं नाहीत?" त्याने विचारलं. आवाजात निराशा होती, स्पष्ट. "कार्डाच्या मागे लिहिलं होतं, सगळे मिळून वाजवतात. मी तेच ऐकायला आलो होतो."

झुलपेवाला ओशाळला होता. त्याने विषय बदलला. "सर, ती किल्लीवाली कोण होती?"

"माझी आई," दादा म्हणाला. हॉलमध्ये कुजबुज झाली. "तो आवाज मला सुचलेला नाही. दात सैल होते, पहिल्यांदा चुकून सुटले. मी 'कट' म्हटलं. म्हटलं, झालं, गेला दिवस वाया. तर आई जिन्यावर बसून हसतेय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, हे ठेव. आणि आता मी प्रत्येक पायरीवर करते, तू नुसता बघ. मी म्हटलं, आई, लोक हसतील. तर म्हणाली, घाबरतील नाहीतर हसतील, पण झोपणार नाहीत."

हा निकाल आईचाच. दादाला असं वाक्य बनवता येत नाही.

"थिएटरला लागला तेव्हा ती सातही दिवस दुपारच्या खेळाला गेली," दादा पुढे म्हणाला. "पहिल्या रांगेत. तोवर तिला नवी कवळी झाली होती. जिन्याचा सीन आला की ही खालून पडद्याला उत्तर द्यायची. टक्. अंधारात, एकटीच. आजूबाजूला कुणी नसायचंच म्हणा. तुमच्या आधी ते करणारी तीच. सिनेमा उतरला तरी तिची खोड गेली नाही. घरी जेवताना वाजवायची. आणि समोर बघायची, कुणी हसतंय का."

समोर मी असायचे.

अकरा वेळा. अकरा वेळा मी ती कवळी तिच्या तोंडातून काढून घेतली, आणि ती थट्टा करायला येणार नाही इतकी घट्ट करून परत दिली. आणि ती प्रत्येक वेळी वाट बघायची. दोन वर्षांत हिरडी जरा आक्रसली, कवळी पुन्हा जिभेने सोडता यायला लागली, की जेवायला बसल्यावर टक् करून माझ्याकडे बघायची. मी एकदा तरी हसले असते तर तिने सगळं सांगितलं असतं. मी माप घेत राहिले. मला रडू आलं. पहिल्या रांगेत बसून, सगळ्यांसमोर, मी रडले, आणि माझ्याकडे साधा रुमालही नव्हता.

बाहेर आलो तेव्हा लोकांनी दादाला गराडा घातला होता. टेबलावर एका मोठ्या परातीत चाळीस कवळ्या गोळा होत होत्या. झुलपेवाला माझ्याजवळ आला. डोळ्यांतलं झुलूप उडवत म्हणाला, "ताई, काम एकदम सुंदर झालंय. पण दात वाजलेच नाहीत हो. इतकी वाट बघितली होती सगळ्यांनी."

"वाजणार नाहीत. मी घट्ट केले होते."

"पण मी सैल सांगितले होते!"

"सांगितले होतेस. चुकलं माझं."

मी परात पुढे ओढली आणि एक कवळी उचलून आतून बघितली. अस्तर जाड होतं, पण नखाने सुटत होतं. दोन दिवसांचं काम.

"दे या माझ्याकडे," मी म्हटलं. "पुढच्या खेळाला सैल करून आणते. माप कसं चुकवायचं ते मला चांगलं येतं." त्याने पिशवी आणली. मी कवळ्या मोजून आत टाकल्या. "आणि या चाळीसच आहेत. एक कमी पडतेय. पहिल्या रांगेतली."

"पहिल्या रांगेत कोण बसणार?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हटलं. "एक्केचाळीस करते."